पत्ता हरवलेले प्राणी

समजा पोस्टाच्या पेटीत एक पत्र पडले. पाकिटावर नाव आहे, पण गाव नाही, तालुका नाही, पिनकोडही नाही. पोस्टमन बिचारा काय करील? ते पत्र ज्याचे त्याला मिळणे कठीणच. जगातील कितीतरी लहान प्राण्यांची स्थिती या पत्रासारखी आहे. शास्त्रज्ञांनी त्यांना नावे दिली आहेत, पण त्यांचे पत्ते नीट लिहिलेले नाहीत. काहींचा पत्ता अपुरा आहे, काहींचा जुना झाला आहे, तर काहींचा चक्क फसवा आहे. आणि प्राणी राहतो कोठे हेच ठाऊक नसेल, तर त्याचे रक्षण तरी कसे करणार?

हा पत्ता शोधायचा कसा, लिहायचा कसा आणि वाचायचा कसा, याची हकीकत आज आपण पाहू.

गुत्तीचा निळा कोळी

इतिहासाच्या पुस्तकात मुरारराव घोरपडे यांच्या संदर्भात गुत्तीच्या किल्ल्याचे नाव तुम्ही वाचले असेल. आंध्र प्रदेशातील हे गुत्ती आज रेल्वेचे जंक्शन आहे. तेथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक मोठा, केसाळ कोळी सापडला. रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ असे नाव दिले. या कोळ्याच्या अंगावर धातूसारखी चकाकणारी निळी झाक असते, म्हणून हे नाव. नाव मिळाले आणि पत्ताही मिळाला : गुत्ती.

पण गंमत पाहा. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ गेला, तरी हा कोळी त्याच्या खऱ्या घरी कोणाला भेटला नव्हता. अखेर २००१ साली तो पुन्हा सापडला, तो गुत्तीला नव्हे, तर तेथून सुमारे १०० किलोमीटर दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात! हा कोळी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. जंगलातील लाकूड रेल्वेने वखारीत आले, तेव्हा लाकडाच्या खोबणीत बसून कोळीही आला असावा. म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेले ‘गुत्ती’ खोटे नव्हते, कोळी खरोखर तेथेच सापडला होता. पण ते त्याचे गाव नव्हते. तो तेथे फक्त उतारू होता.

या कोळ्याचे तेव्हा ज्ञात असलेले क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षाही कमी होते. १०० चौरस किलोमीटर म्हणजे १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद अशी एकच चौकट. तेथील झाडे तुटली तर सारी जातच संपेल, अशी भीती होती. म्हणून २००८ साली जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. पण ही नोंद केव्हा करता आली? खरा पत्ता मिळाला तेव्हाच!

चार प्रश्नांची चिठ्ठी

संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेले कीटक तुम्ही पाहिले आहेत का? कीटकाच्या खाली, त्याच टाचणीत, नखाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या असतात. आपण कीटकाचे रंग पाहतो. शास्त्रज्ञ मात्र त्याच वेळी त्या चिठ्ठ्यांकडेही पाहतो. त्यांवर चार प्रश्नांची उत्तरे असावी लागतात : काय, कोठे, केव्हा आणि कोणी?

‘काय’ म्हणजे प्राण्याची जात. ‘कोठे’ म्हणजे तो सापडला ते ठिकाण; नुसते ‘पुणे जिल्हा’ नव्हे, तर कोणत्या गावाजवळ, कोणत्या टेकडीवर, कोणत्या झाडावर. ‘केव्हा’ म्हणजे तारीख, कारण पन्नास वर्षांपूर्वी तेथे असलेला भुंगेरा आजही असेलच असे नाही. आणि ‘कोणी’ म्हणजे पाहणाऱ्याचे नाव. हे नाव मिरवण्यासाठी नसते. पुढे कोणाला शंका आली तर विचारायचे कोणाला, हे कळावे म्हणून ते असते. यातील एक उत्तर गळाले तरी नोंद लंगडी होते. ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ ही दोन्ही गळाली, तर कीटक कितीही सुंदर असो, तो शोभेची वस्तूच ठरतो.

तुम्ही म्हणाल, “वाघाचा, हत्तीचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे, मग कीटकांचाच का नाही?” याचे पहिले कारण त्यांची संख्या. पक्ष्यांच्या साऱ्या जगात मिळून सुमारे ११ हजार जाती आहेत. कीटकांच्या मात्र आजवर नाव दिलेल्या जातीच सुमारे १० लाख भरतात. शिवाय कोळी, विंचू, गोमी, गोगलगायी, खेकडे हे पाठीचा कणा नसलेले इतर प्राणी आहेतच. २०१६ साली आपल्या सह्याद्रीतून गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या एकदम पाच नव्या जाती शास्त्राला ठाऊक झाल्या, यावरून अजून किती काम बाकी आहे याची कल्पना येईल.

दुसरे कारण त्यांचा लहानसा संसार. वाघ रात्रीतून कितीतरी किलोमीटर चालतो. गोगलगाय काय चालणार? तिची एखादी जात एका डोंगरापुरतीच असू शकते. एखाद्या भुंगेऱ्याचे सारे आयुष्य कुजक्या ओंडक्यात जाते. असा प्राणी नाहीसा झाला, तर त्याची वार्ताही कोणाला लागत नाही.

देशाचा आलेखकागद

ही अडचण सोडवण्याची एक साधी आणि नामी युक्ती ब्रिटनमध्ये वापरली गेली. तुम्ही गणितात आलेखाचा कागद वापरता ना? तशा चौकटी सगळ्या देशाच्या नकाशावर आखायच्या. प्रत्येक चौकटीची बाजू १० किलोमीटर. एखादी जात चौकटीत कोठेही दिसली, की त्या चौकटीत एक ठिपका द्यायचा. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या पद्धतीने ब्रिटिश बेटांतील वनस्पतींचा मोठा नकाशासंग्रह १९६२ साली प्रसिद्ध केला. मग १९६४ मध्ये इंग्लंडमधील मंक्स वुड येथे ‘जैविक नोंद केंद्र’ सुरू झाले आणि फुलपाखरे, पतंग, चतुर, गोगलगायी अशा प्राण्यांची पाळी आली. फुलपाखरे व पतंग यांच्या नोंदींची योजना जॉन हीथ यांनी १९६७ साली सुरू केली.

पण एवढ्या चौकटींत हिंडणार कोण? शास्त्रज्ञ तर मूठभर! हे काम केले ते मुख्यतः हौशी निरीक्षकांनी. आपल्या गावाजवळच्या चौकटीत त्यांनी काय पाहिले ते कार्डावर लिहून ते केंद्राकडे पाठवीत. तेथे जाणकार नोंदी तपासत, शंका असेल तर नमुना मागवीत, आणि मग तो मजकूर भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून यंत्राच्या साहाय्याने नकाशे तयार होत. अशा असंख्य नोंदींच्या जोरावर १९८४ साली ब्रिटन व आयर्लंडमधील फुलपाखरांचा नकाशासंग्रह बाहेर पडला.

याचा मोठा फायदा असा झाला, की ‘दुर्मिळ’ हा शब्द मोजता येऊ लागला. तोपर्यंत एखाद्याला एखादा कीटक क्वचित दिसला, की तो त्याला दुर्मिळ म्हणे. १९८७ साली तेथील कीटकांचे ‘लाल पुस्तक’ प्रसिद्ध झाले. लाल पुस्तक म्हणजे धोक्यातील जातींची यादी. त्यात एक सरळ कसोटी वापरली होती : जी जात अलीकडच्या काळात १५ किंवा त्याहून कमी चौकटींत आढळते, ती दुर्मिळ. १६ ते १०० चौकटींत आढळणाऱ्या जाती त्याखालच्या पायरीवर, पण लक्ष ठेवण्याजोग्या.

आता एक गणित करा. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार ७०० चौरस किलोमीटर आहे. १० किलोमीटर बाजूच्या चौकटी आखल्या तर त्या किती होतील? तीन हजारांहून थोड्या अधिक. तुमच्या शाळेच्या चौकटीत किती जातींचे ठिपके पडले असतील बरे?

रिकामी चौकट काय सांगते?

नकाशा तयार झाला, पण तो वाचताना सावध राहावे लागते. रिकामी चौकट दिसली की ‘येथे तो प्राणी नाही’ असे आपण चटकन म्हणतो. पण तिचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तेथे कोणीतरी नीट शोधले आणि प्राणी मिळाला नाही. दोन, तेथे कोणी फिरकलेच नाही! हे दोन्ही अर्थ नकाशावर सारखेच दिसतात. म्हणून जाणकार निरीक्षक रिकाम्या हाताने परतला, तरी वहीत लिहितो : ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, दोन तास शोधले, आढळला नाही.’ ही नोंद सापडलेल्या प्राण्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ठिपके माणसांच्या मागे धावतात. जेथे महाविद्यालय आहे, रस्ता आहे, गडावर जाणाऱ्यांची वर्दळ आहे, तेथे ठिपक्यांची गर्दी होते. पुष्कळदा तो नकाशा कीटकांचा नसून कीटक पाहणाऱ्यांचाच असतो!

तिसरी गोष्ट काळाची. जुना ठिपका म्हणजे जुना पत्ता. म्हणून अशा नकाशात अलीकडच्या नोंदींना भरीव ठिपका आणि जुन्या नोंदींना पोकळ वर्तुळ देण्याची पद्धत आहे. एखाद्या नकाशावर भरीव ठिपके थोडे आणि पोकळ वर्तुळे फार दिसली, की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

आणि चौथी गोष्ट : ठिपका संख्या सांगत नाही. चौकटीत एक फुलपाखरू असो की दहा हजार, ठिपका एकच. संख्येचा चढउतार कळावा म्हणून ब्रिटनमध्ये १९७६ पासून आणखी एक योजना सुरू झाली. निरीक्षकाने एक वाट ठरवून घ्यायची. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला, बऱ्या हवेत त्याच वाटेने चालायचे आणि ठराविक अंतरात दिसलेली फुलपाखरे मोजायची. साधन कोणते? दोन पाय, दोन डोळे आणि एक वही.

कुंपणाने न वाचलेले फुलपाखरू

पत्ता कळला म्हणजे प्राणी वाचलाच, असेही नाही. याचा धडा ब्रिटनला एका फुलपाखराने शिकवला. त्याचे नाव ‘लार्ज ब्लू’, म्हणजे मोठे निळे. त्याची तेथील पहिली नोंद १७९५ सालची. त्याची अळी थाइम या सुगंधी वनस्पतीची फुले खाते. ही वनस्पती आपल्या तुळशीच्या कुळातली, आणि तिच्यातील थायमॉल हे द्रव्य आपल्या ओव्यातही असते.

विसाव्या शतकात या फुलपाखराचे ठिपके एकामागून एक पोकळ होऊ लागले. लोकांना वाटले, संग्राहक जाळी घेऊन येतात आणि ही दुर्मिळ फुलपाखरे पकडून नेतात, म्हणून ती संपत आहेत. काही ठिकाणी कुंपणे घालण्यात आली. संग्राहक थांबले, पण फुलपाखरे तेथूनही नाहीशी झाली! आणि आश्चर्य म्हणजे थाइम तर ठिकठिकाणी उगवत होते. खाद्य वनस्पतीचा आणि फुलपाखराचा असे दोन नकाशे शेजारी ठेवले, तर ते जुळत नव्हते. मग उणीव होती कशाची?

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने १९७२ पासून डेव्हनमधील अखेरच्या वसाहतीजवळ उन्हाळ्यामागून उन्हाळे घालवून याचे उत्तर शोधले. या फुलपाखराची अळी सुमारे तीन आठवडे फुले खाते आणि मग जमिनीवर उतरते. तिच्या अंगातून गोड रस पाझरतो. लाल मुंगी तो चाखते आणि अळीला आपलेच पिल्लू समजून जमिनीखालच्या घरात नेते. तेथे ही पाहुणी काय करते? पुढचे सुमारे दहा महिने मुंग्यांची पिल्ले खाऊन पुष्ट होते! आता मुख्य गोष्ट ऐका. नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या लाल मुंग्यांच्या अनेक जाती तेथे होत्या, पण अळी चांगली जगे ती ‘मिर्मिका सॅब्युलेटी’ या एकाच जातीच्या घरात.

या मुंगीला उबदार जमीन लागते. गवत आखूड असेल तर ऊन जमिनीपर्यंत पोहोचते. गवत काही सेंटिमीटर वाढले तरी जमीन दोन-तीन अंशांनी थंड होते. ही मुंगी निघून जाते आणि दुसरी तिची जागा घेते. पूर्वी गुरे, मेंढ्या आणि रानससे गवत आखूड ठेवीत. पुढे अशा माळांवरची चराई कमी झाली. १९५३ मध्ये सशांत मिक्सोमॅटोसिस रोगाची साथ आली आणि बहुसंख्य ससे मेले. कुंपणांनी तर माणसांबरोबर गुरांनाही बाहेर ठेवले. गवत वाढले, मुंगी गेली, मुंगीबरोबर फुलपाखरू गेले.

हे कोडे उलगडले तेव्हा फार उशीर झाला होता. १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पण गोष्ट येथे संपली नाही. १९८३ पासून स्वीडनमधून याच जातीची फुलपाखरे आणून, जेथे चराई पुन्हा सुरू केली होती आणि योग्य मुंगी परतली होती, अशा ठिकाणी ती वसवण्यात आली. आज इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ती पुन्हा उडताना दिसतात.

यावरून काय शिकायचे? नकाशा ‘कोठे’ ते सांगतो, आणि ‘येथे का नाही?’ हा प्रश्नही तोच उभा करतो. उत्तरासाठी मात्र गवतात गुडघे टेकून बसावे लागते. म्हणूनच चांगली नोंद केवळ प्राण्याची नसते. तो कोणत्या झाडावर होता, गवत केवढे होते, जवळ गुरे चरत होती का, हेही तिच्यात असते.

पत्ता सांगावा की लपवावा?

पत्त्यांच्या बाबतीत एक नाजूक प्रश्नही आहे. गुत्तीच्या निळ्या कोळ्याला परदेशात पाळीव प्राणी म्हणून मागणी आहे. २०१९ साली त्याच्या वंशातील सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रणात आणला गेला. अशा प्राण्याचे झाड न् झाड जाहीर केले, तर कोळी धरणाऱ्यांना वाटच दाखवल्यासारखे होईल. म्हणून वर मी तुम्हाला दोन गावांच्या मधले जंगल, एवढेच सांगितले. १० किलोमीटरची चौकट येथेही उपयोगी पडते. अभ्यासकाला हवे ते कळते, चोराला झाड कळत नाही. ‘आयनॅचरलिस्ट’ या संगणकीय नोंदस्थळावरही धोक्यातील जातीचे नेमके स्थान लोकांना दाखवीत नाहीत, ०.२ अंश बाजूच्या चौकोनात कोठेतरी एक बिंदू दाखवतात. नेमका पत्ता मात्र जपून ठेवलेला असावाच लागतो. लपवणे निराळे आणि हरवणे निराळे!

तुमची वही

आता तुमची पाळी. दुर्मिळ कीटक शोधायला एकदम घाटात जाऊ नका. आधी नेहमीचे प्राणी ओळखायला शिका, म्हणजे निराळा प्राणी समोर आला की तो निराळा आहे हे कळेल. सुरुवातीला ‘राणी पाकोळी’ निवडा. काळ्या मखमलीवर निळे पट्टे असलेले हे मोठे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. त्याची अळी लिंबू-संत्र्याच्या कुळातील झाडांची पाने खाते. तुमच्या लिंबावर ते येते का? कोणत्या महिन्यांत? नागपूर-अमरावतीकडच्या वाचकांनो, संत्र्यांच्या बागा तर तुमच्याकडे उदंड आहेत. राणी पाकोळीही तितकीच दिसते का? की येथेही खाद्य वनस्पतीचा नकाशा आणि फुलपाखराचा नकाशा निराळा आहे? पाहा आणि लिहा.

शिक्षकांनी गावाच्या नकाशावर एक किलोमीटर बाजूच्या चौकटी आखाव्यात आणि चार-पाच मुलांच्या गटाला एकेक चौकट द्यावी. वहीत रकाने असे असावेत : जात, ठिकाण, तारीख व वेळ, पाहणाऱ्याचे नाव, परिसर, आणि शेवटी ‘किती वेळ शोधले’. मोबाइल फोन असेल तर अक्षांश-रेखांश त्यावर मिळतील. नसेल तर ‘मारुतीच्या देवळापासून पूर्वेस दोनशे पावले, ओढ्याच्या डाव्या काठी’ असे लिहिले तरी चालेल. छायाचित्र वरून एक आणि बाजूने एक असे घ्यावे. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. ‘लाल टाचणी, जात अनिश्चित’ एवढे लिहा. छायाचित्रासह अशा नोंदी आयनॅचरलिस्टवर किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर देता येतात आणि तेथे जाणकार ओळख पटवायला मदत करतात.

काही पथ्ये पाळा. प्राणी पकडू नका, मारू नका. आपल्याकडील अनेक फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दगड उलटायचा तर काठीने उलटा, कारण खाली विंचू किंवा गोम असू शकते, आणि पाहून झाले की तो होता तसाच ठेवा. ते कोणाचे तरी छप्पर आहे. गोगलगायींचे रिकामे शिंपले मात्र खुशाल उचला. त्यांच्या डबीत चिठ्ठी टाकायला विसरू नका.

आणि ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवसाचे पान कोरे सोडू नका. तारीख घाला, ठिकाण लिहा, आणि खाली लिहा : ‘एक तास शोधले. आढळले नाही.’ पुढे वीस वर्षांनी त्याच ओढ्याकाठी कोणी शोधायला आले, तर त्याला तुमची ती ओळ हवी असेल.